खुबा, पानथरी आणि पित्ताचे खडे

सोनोग्राफी करायची ती दुसऱ्याच कशासाठी, आणि रिपोर्टमध्ये निघायचे पित्ताशयातले खडे, हा प्रकार आता जळगाव-धुळ्याकडे नेहमीचा झाला आहे. रिपोर्ट हातात पडला की घरात पहिला प्रश्न येतो, काढायचे का? त्याच्या मागोमाग, जरा दबक्या आवाजात, दुसरा येतो: काही कमी-जास्त झालं तर?

धडधाकट माणसाच्या बाबतीत या प्रश्नाला बऱ्यापैकी पक्के उत्तर आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या १२३ प्राध्यापकांच्या पित्ताशयात असे कोणताही त्रास न देणारे खडे सापडले होते. डॉक्टरांनी ते काढले नाहीत, फक्त माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. १९८२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशोब असा होता: पाच वर्षांत शंभरातल्या दहाजणांना खड्यांची कळ आली, दहा वर्षांत पंधरांना, वीस वर्षांत अठरांना. बाकीचे ब्याऐंशीजण खडे घेऊनच सुखाने नांदले. तेव्हापासून सर्जनांच्या पुस्तकात हे बसले आहे की मुक्या खड्यांना सहसा हात लावू नये.

आता हाच रिपोर्ट शिरपूर तालुक्यातल्या बोराडीच्या किंवा रावेर तालुक्यातल्या पालच्या एखाद्या बावीस वर्षांच्या मुलीचा आहे असे समजा, आणि तिला सिकलसेलचा आजार आहे. खडे तेच, ऑपरेशन तेच, दुर्बीणही तीच. पण मिशिगनच्या प्राध्यापकांचे आकडे तिच्या कामाचे नाहीत. तिच्यासाठी ऑपरेशनचा धोका जास्त आहे, आणि ऑपरेशन टाळण्याचाही. धोका जणू ऑपरेशनच्याच अंगी असतो अशा थाटात आपण त्याची टक्केवारी विचारतो. खरे तर ती टक्केवारी कोणाच्या शरीरावर, कोणत्या दवाखान्यात, कोणत्या घडीला आणि घर किती लांब आहे, यावर ठरते. सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचित कुठे दिसत असेल.

सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसते. बदल एवढाच. पण ऑक्सिजन सोडून दिला की या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या कांड्या होतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर बनते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस दिवस. फुटलेल्या पेशींमधून पिवळे बिलिरुबिन भरमसाट तयार होते आणि त्याचे पित्ताशयात खडे बनतात. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा अडला की तिथले हाड मरते. पानथरीत, म्हणजे प्लीहेत, वाकड्या पेशी तुंबल्या की ती फुगते. सर्जनकडे वेगवेगळ्या तक्रारी घेऊन येणारी ही माणसे मुळात एकाच आजाराची असतात.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे पहिले वर्णन छापले. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांनी हा आजार १९५२ मध्ये दाखवला. महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी या आजारासाठी आयुष्य वेचले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाहणीत भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा समाजांत या जनुकाचे प्रमाण शंभरात वीस ते पस्तीस इतके आढळले होते. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी वेगळा जिल्हा झाला, पण त्याआधी हा सगळा पट्टा धुळे जिल्ह्यातच होता. आजही शिरपूर, चोपडा, यावल, रावेर हे तालुके सातपुड्याच्या त्याच डोंगरराजीचे भाग आहेत.

इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी, कारण तिच्या गोंधळाने फार नुकसान होते. आई-वडिलांपैकी एकाकडूनच बिघडलेले जनुक आले तर माणूस वाहक असतो, रिपोर्टवर ‘एएस’. दोघांकडून आले तर रुग्ण, ‘एसएस’. वर दिलेले प्रमाण बहुतांश वाहकांचे आहे. वाहकाला नेहमीच्या ऑपरेशनमध्ये इतरांपेक्षा फारसा वेगळा धोका नसतो. ‘सिकल आहे’ एवढ्या दोन शब्दांवर वाहकाचे हर्नियाचे साधे ऑपरेशन पुढे ढकलणे अन्यायाचे आहे, आणि त्याच दोन शब्दांवर रुग्णाला वाहक समजून टेबलावर घेणे जिवावर बेतणारे आहे. लवकर होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त जनुक आहे की नाही ते सांगते. ‘एएस’ की ‘एसएस’ हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीच लागते.

रुग्णाच्या बाबतीत ऑपरेशन इतके जोखमीचे का? पेशी वाकवणाऱ्या गोष्टी माहीत आहेत: पाण्याची कमतरता, थंडी, ऑक्सिजनची घट, रक्तातले आम्ल वाढणे. आता ऑपरेशनचा दिवस आठवा. आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही, पाण्याचा घोट नाही. थिएटरमध्ये एसी चालू, अंगावर पातळ चादर. भूल उतरताना श्वास उथळ. दुसऱ्या दिवशी टाके दुखतात म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, फुप्फुसाचे तळ मिटून राहतात, ऑक्सिजन उतरतो, आणि फुप्फुसातच पेशी वाकायला लागतात. ताप येतो, छातीत कळ मारते, धाप लागते, एक्स-रेवर नवा डाग दिसतो. ‘ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम’ म्हणतात तो हा. ऑपरेशनात सर्जनने काहीही चुकवलेले नसते. ‘चांगलं झालं’ म्हणून नातेवाईक निर्धास्त झालेले असतात, आणि नेमके त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत हे उद्भवते.

यावरचे उपाय मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांतल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. शिरेतून पाणी आधीपासून चालू ठेवणे. साधे पाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत पिऊ देणे. अंगावर गरम पांघरूण. दुखणे पुरेसे कमी करणे, म्हणजे रुग्ण श्वास कोंडून पडून राहणार नाही. आणि श्वास ओढून आतले गोळे वर उचलायचे ते प्लॅस्टिकचे छोटे यंत्र. छाती-पाठीच्या दुखण्याने दाखल झालेल्या सिकलसेल रुग्णांवर त्याचा अभ्यास अमेरिकेत झाला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र वापरले अशा १९ प्रसंगांपैकी एकात फुप्फुसाची गुंतागुंत झाली, न वापरलेल्या १९ पैकी आठांत. ते रुग्ण ऑपरेशनचे नव्हते आणि आकडाही लहान आहे, तरी त्यातली शिकवण ऑपरेशननंतरच्या वॉर्डाला चपखल लागू पडते.

रक्ताचा प्रश्न मात्र सोपा नाही. ऑपरेशनआधी बाहेरचे रक्त दिले की वाकड्या पेशींचे प्रमाण घटते. मग भरपूर द्यावे का? १९९५ मध्येच अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, ६०४ ऑपरेशनांचा. एका गटात रक्त बदलून बदलून सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांच्या खाली आणले, दुसऱ्यात फक्त हिमोग्लोबिन १० पर्यंत वाढवले. गुंतागुंत पहिल्या गटात ३१ टक्के, दुसऱ्यात ३५. म्हणजे जवळपास सारखीच. पण रक्त दिल्यामुळे झालेले अपाय पहिल्या गटात १४ टक्के, दुसऱ्यात ७. जास्त रक्त देऊन हाती आला तो जास्त अपायच.

मग अजिबातच न दिले तर? याचे उत्तर २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ब्रिटनमधून चालवलेल्या या चाचणीत कमी व मध्यम जोखमीच्या ऑपरेशनांतले ६७ रुग्ण होते. रक्त न दिलेल्या ३३ पैकी १३ जणांना गुंतागुंत झाली, दिलेल्या ३४ पैकी पाचांना. गंभीर गुंतागुंत पहिल्या गटात दहांना, दुसऱ्यात एकाला, आणि ती बहुतेक सगळी छातीचीच होती. चाचणी मधेच थांबवावी लागली. हे आकडे घरच्या भाषेत मांडले तर साधारण चार रुग्णांना ऑपरेशनआधी रक्त दिले की त्यांच्यातल्या एकाची गुंतागुंत टळते. औषधोपचारात इतका मोठा फायदा क्वचित दिसतो.

तरी हे गणित धुळ्यात जसेच्या तसे उतरवता येत नाही. ब्रिटनमधले सिकलसेलचे रुग्ण प्रामुख्याने आफ्रिकी वंशाचे. आपल्याकडच्या रुग्णांत आजाराचा अरब-भारतीय प्रकार आढळतो. त्यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकते आणि पेशी वाकण्याला ते आडकाठी करते. आजार त्यामुळे काहीसा सौम्य होतो, पण सगळ्यांचा नाही. नागपूरकडच्या डॉक्टरांनी याच प्रकारातले अतिशय गंभीर रुग्ण नोंदवले आहेत. शिवाय ज्याचे हिमोग्लोबिन मुळातच चांगले आहे त्याला सरळ पिशवी चढवली तर रक्त दाट होऊन उलटाच अपाय होतो. आणि प्रत्येक पिशवीसोबत परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याची शक्यता असतेच. तशी ती झाली तर पुढे कधी खरोखर गरज पडेल तेव्हा जुळणारे रक्त शोधताना रक्तपेढीचा घाम निघतो.

आता त्या मुलीच्या खड्यांकडे वळू. सिकलसेलमध्ये खडे सर्रास होतात. जमैकात जन्मापासून पाठपुरावा केलेल्या रुग्णांच्या अभ्यासात ९६ ‘एसएस’ रुग्णांना खडे झाले, आणि त्यांतल्या फक्त सातांना ऑपरेशन करण्याजोगा त्रास झाला. म्हणजे इथेही मुक्या खड्यांना थांबू द्यावे असेच दिसते, आणि अमेरिकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. फरक पडतो तो पहिल्या कळेनंतर. इतर रुग्णाला ‘बघू, पुन्हा दुखलं तर या’ म्हणता येते. सिकलसेलच्या रुग्णाला तसे म्हणू नये, कारण पुढची कळ पित्ताशयाच्या सुजेने, तापाने, रात्री दोन वाजता आली तर ऑपरेशन घाईत होईल: रक्ताची सोय न करता, पाण्याविना सुकलेल्या शरीरावर. तयारीने, ठरवून, दुर्बिणीतून केलेले ऑपरेशन आणि तेच ऑपरेशन आणीबाणीत, यांत तिच्यासाठी फार मोठे अंतर आहे. अडचण एवढीच की सिकलसेलच्या कळेनेही पोट असेच दुखते. आधी ते दुखणे नक्की कशाचे हे डॉक्टरांनी नीट ठरवायला हवे, नाहीतर पित्ताशय जाते आणि कळा राहतात.

पानथरीचा हिशोब आणखी कठीण. आफ्रिकेतल्या बहुतेक ‘एसएस’ मुलांची पानथरी लहानपणीच आक्रसून निकामी होते. आपल्याकडे ती मोठेपणापर्यंत टिकते आणि पुष्कळदा फुगते. कधी कधी शरीरातले रक्त एकाएकी तिच्यात तुंबते आणि मूल काही तासांत पांढरेफटक पडते. असे वारंवार झाले, किंवा पानथरी रक्त गिळतच राहिली आणि दर महिन्याला पिशवी चढवावी लागली, तर ती काढायचा विचार होतो. काढल्याने रक्ताची गरज खरोखर घटते. पण पानथरी न्यूमोकॉकससारख्या जंतूंना रक्तातून गाळून काढते. ती नसलेल्या माणसाला असा संसर्ग झाला तर सकाळचा ताप संध्याकाळपर्यंत जीव घेऊ शकतो; असे निम्मे रुग्णही दगावू शकतात. म्हणून ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलसच्या लसी, नंतर पेनिसिलीन, आणि कोणताही ताप आला की तडक दवाखाना.

‘तडक’ या शब्दावर मी पुन्हा पुन्हा थांबतो. धुळे शहरात देवपुरात राहणाऱ्या मुलाला हिरे मेडिकल कॉलेजचे सर्वोपचार रुग्णालय गाठायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात सातपुड्यातल्या पाड्यावर नाला भरून वाहत असताना तडक म्हणजे काय? एकाच वयाची, एकाच आजाराची दोन मुले. एकासाठी पानथरी काढणे शहाणपणाचे आणि दुसऱ्यासाठी नियमित रक्त चढवत राहणे जास्त सुरक्षित, असे होऊ शकते. उलटही होऊ शकते, कारण पानथरीत अचानक रक्त तुंबले तरी वेळ तितकाच कमी असतो. केसपेपरवर रक्तगट लिहितो तसे गावाचे अंतर आणि रस्त्याची अवस्थाही लिहायला हवी असे मला मनापासून वाटते.

खुब्याच्या बाबतीत धोका जिवाचा कमी आणि जगण्याचा जास्त. विशी-तिशीतला तरुण लंगडू लागतो, जांघेत दुखते, एक्स-रेत खुब्याचा गोळा खचलेला दिसतो. सुरुवातीच्या अवस्थेत हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करण्याचे ऑपरेशन केले जाते. त्याची तुलना नुसत्या फिजिओथेरपीशी करणारी अमेरिकेतली चाचणी २००६ मध्ये छापली गेली. तीन वर्षांनंतर ऑपरेशन आणि व्यायाम दोन्ही मिळालेल्यांत ८२ टक्के खुबे टिकून होते, नुसत्या व्यायामाच्या गटात ८६ टक्के. रुग्ण थोडे होते, पण ऑपरेशनने जास्त मिळाल्याचे दिसले नाही.

गोळा पार खचला की मग सांधा बदलण्यावाचून गत्यंतर नसते. त्याने वेदना जाते, आणि ज्याने वर्षानुवर्षे ती सोसली त्याच्यासाठी हे फार मोठे सुख आहे. पण राष्ट्रीय नोंदणी-पुस्तकांच्या २०१९ च्या एकत्र हिशोबात, बसवलेल्या शंभर खुब्यांपैकी पंचवीस वर्षांनी ५८ टिकून होते. तेही बहुतांशी वयस्क, सिकलसेल नसलेल्यांचे. सिकलसेलमध्ये संसर्ग आणि सांधा सैल होणे दोन्ही जास्त. पंचविशीत सांधा बदललेल्या बाईला पन्नाशीच्या आत पुन्हा टेबलावर जावे लागू शकते हे आजच सांगायला हवे.

आणि ऑपरेशन ‘यशस्वी’ झाले हे ठरवायचे कशावरून? खुब्यासाठी जगभर वापरला जाणारा हॅरिस गुणांक १९६९ सालचा आहे. जिना चढता येतो का, बूट-मोजे घालता येतात का, बसमध्ये चढता येते का, हे तो विचारतो. उकिडवे बसता येते का, मांडी घालता येते का, हे विचारत नाही. निंदणीला बसणारी, भुईमूग उपटणारी, चुलीपुढे भाकरी थापणारी बाई नव्वद गुण मिळवूनही आपल्या कामाला मुकलेली असू शकते, कारण कृत्रिम खुब्याला उकिडवे बसणे बहुधा वर्ज्य असते. तिच्या बाबतीत वेदनामुक्ती एका पारड्यात आणि मजुरी दुसऱ्या पारड्यात असते. ते वजन तिनेच करायचे, पण त्यासाठी दोन्ही पारडी तिच्यासमोर ठेवायला हवीत.

पैशाचे वजन पूर्वी सगळ्यांत जड होते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत धुळे होता. जळगावसह उरलेल्या महाराष्ट्राला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कितीतरी घरे तिने कर्जातून वाचवली. पण सुरुवातीच्या तिच्या ९७१ उपचारांच्या यादीपासून तिचा सांगाडा ठरलेल्या पॅकेजांचा आहे, आणि त्यामुळे प्रश्नाचा क्रमच बदलला. ‘ऑपरेशन लागतं का?’ याच्या आधी ‘ऑपरेशन योजनेत बसतं का?’ हे विचारले जाते. महिनोन्‌महिने चालणारी फिजिओथेरपी किंवा रोजची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी पॅकेजात सहज मावत नाही. त्याच गोळीने कळा आणि छातीची गुंतागुंत जवळपास निम्म्यावर येते हे १९९५ पासून सिद्ध आहे.

उरतो तो संमतीचा प्रश्न. दिल्लीतल्या एका प्रकरणात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दुर्बिणीने फक्त तपासणीसाठी आलेल्या बाईचे गर्भाशय, ती भुलीत असताना आईची सही घेऊन काढले होते. न्यायालयाने ती संमती मानली नाही. संमती घेताना काय सांगायचे हेही न्यायालयाने नमूद केले: उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, दुसरे पर्याय, मोठे धोके, आणि उपचार नाकारला तर होणारे परिणाम. सरकारी असो वा खासगी, ‘सही करा’ म्हणून पुढे येणाऱ्या कागदामागे एवढे बोलणे अपेक्षित आहे. रुग्ण पावरी किंवा भिलोरी बोलणारी असेल तर ते तिच्या भाषेत व्हायला हवे, आणि जावयाने किंवा भावाने ऐकून ‘हो म्हणतेय ती’ म्हणणे पुरेसे नाही. तिने विचारायचे ते फार नाही. माझ्यासारख्या, सिकलसेल असलेल्या किती जणींचे हे ऑपरेशन इथे झाले? रक्त आणून ठेवले आहे का? रात्री श्वास लागला तर व्हेंटिलेटर याच इमारतीत आहे की जळगाव-नाशिकला पाठवाल? सहा महिने थांबले तर काय बिघडेल? चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही.

अपेंडिक्स फुटलेले असेल, बाळ अडलेले असेल, तर यातले काही करायला उसंत नसते. तेव्हा ऑपरेशन ताबडतोबच करायचे. रक्तासाठी थांबून उशीर करणे जास्त घातक. भूलतज्ज्ञाला पाणी, ऊब आणि ऑक्सिजन सांभाळता येतो, पण रुग्ण ‘एसएस’ आहे हे त्याला कळले तरच. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले. शिरपूर-चोपड्याच्या आश्रमशाळेतल्या मुलीची ती तपासणी झाली, आणि तो कागद लॅमिनेट होऊन तिच्या आधार कार्डासोबत राहिला, तर दहा वर्षांनी बाळंतपणात रात्री सिझर करायची वेळ आली तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरला पहिल्या मिनिटालाच माहीत असेल की समोर कोण आहे.